रॉबर्ट वॉरिंग्टन

रॉबर्ट वॉरिंग्टन (७ सप्टेंबर १८०७ – १७ नोव्हेंबर १८६७) हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होते. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ घालून पाणी न बदलताही मत्स्यपेटी स्वच्छ ठेवता येते, हे त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखवून दिले. घरगुती मत्स्यपेटीतील शेवाळाचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाताळण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

पूर्वायुष्य

वॉरिंग्टन यांचा जन्म इंग्लंडच्या केंट परगण्यातील शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. मर्चंट टेलर्स शाळेतील शिक्षणानंतर १८२२ मध्ये ते जॉन कूपर या रसायन-उत्पादकाकडे उमेदवारीला राहिले. १८२८ मध्ये लंडन विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांचे साहाय्यक म्हणून त्यांची निवड झाली. १८३१ पासून काही वर्षे त्यांनी लंडनमधील एका मोठ्या मद्यनिर्मिती कारखान्यात रसायनज्ञाचे काम केले. विद्यापीठाची पदवी नसतानाही निव्वळ हाताच्या कौशल्यावर ते पुढे आले, ही गोष्ट त्यांच्या पुढील संशोधनाचे स्वरूप समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

१८४१ मध्ये त्यांनी लंडनमधील रसायनज्ञांना एकत्र बोलावले आणि त्यातून केमिकल सोसायटी उभी राहिली. पहिली दहा वर्षे ते तिचे सचिव होते. १८४२ पासून औषधविक्रेत्यांच्या जुन्या संघाच्या, म्हणजे सोसायटी ऑफ अपोथिकरीजच्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. बाजारातील हिरव्या चहाला प्रशियन निळा रंग व जिप्समची भुकटी चोळून तो आकर्षक केला जातो, हे त्यांनी १८४४ मध्ये उघडकीस आणले.

मत्स्यपेटीचा प्रयोग

वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात व प्राणी तो वापरतात, हे प्रीस्टली आणि इंगेनहौस यांच्या संशोधनामुळे अठराव्या शतकातच माहीत झाले होते. बंद भांड्यातील पाण्यात हा व्यवहार किती काळ टिकतो, हे पाहावे असे वॉरिंग्टन यांना वाटले. सुमारे १२ गॅलनच्या, म्हणजे ५४ लिटरच्या आसपास मापाच्या काचपात्रात त्यांनी तळाशी वाळू व खडी पसरली, माशांना आडोसा मिळावा म्हणून ओबडधोबड दगड रचले आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. वनस्पती म्हणून त्यांनी व्हॅलिस्नेरिया स्पायरालिस ही पाण्याखाली वाढणारी, फितीसारख्या लांब पानांची जाती निवडली. हीच प्रजाती महाराष्ट्रातील तळ्यांत व संथ नद्यांतही आढळते.

आरंभी सर्व ठीक चालले. पण काही काळाने जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरव्या तंतुमय शेवाळाचा बुळबुळीत थर चढला. प्रयोग फसण्याच्या बेतात होता. मासे जगले तरी काच व पाने शेवाळाने झाकली गेली, की वनस्पतीला प्रकाश मिळेनासा होणार आणि मग प्राणवायूचा पुरवठाच आटणार, हे उघड होते. पात्र रिकामे करून धुणे सोपे होते, परंतु त्यामुळे मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला असता.

वॉरिंग्टन यांनी निसर्गातील तळ्याकडे लक्ष वळवले. तेथे कुजणारा पाला कोण संपवतो, याचा विचार करून त्यांनी लिम्निया स्टॅग्नॅलिस जातीच्या पाच-सहा गोगलगायी पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळाचा थर खरवडून खाल्ला. पाणी निवळले, वनस्पती पुन्हा जोमाने वाढू लागली आणि गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. मार्च १८५० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष केमिकल सोसायटीपुढे मांडले.

पुढे १८५२ पासून त्यांनी समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग केले. तेथे हिरवे समुद्रशैवाल वनस्पतीचे काम करी आणि शंखवर्गीय प्राणी सफाईचे. म्हणजे एका पेटीत जो उपद्रव होता, तोच दुसऱ्या पेटीत आधार ठरला. फाजील प्रकाशामुळे शेवाळ माजते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी मागची बाजू उतरती असलेली व मुख्यतः वरून प्रकाश घेणारी पेटी तयार केली. आजही मत्स्यपेटी खिडकीपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने.

लोकप्रियतेचे श्रेय मात्र निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉस यांच्याकडे अधिक गेले. त्यांचे मत्स्यपेटीविषयीचे सचित्र पुस्तक १८५४ मध्ये निघाले आणि इंग्लंडमधील घराघरांत काचेच्या पेट्या दिसू लागल्या.

मर्यादा

वॉरिंग्टन यांची मांडणी आज जशीच्या तशी स्वीकारली जात नाही. पेटीतील बराचसा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून विरघळतो. वनस्पती हा त्याचा एकमेव स्रोत नव्हे. गोगलगायी शेवाळ खातात, पण त्यांच्या विष्ठेतून शेवाळाला लागणारी पोषणद्रव्ये पुन्हा पाण्यात येतात. लिम्निया तर कोवळी पानेही सोडत नाही. त्यामुळे प्रकाशाचा कालावधी व माशांचे खाद्य कमी करणे, कुजकी पाने वेळीच काढणे आणि जोमाने वाढणाऱ्या वनस्पती लावणे हे उपाय आधी करावे लागतात. गोगलगाय त्यांना पूरक असते. भारतात गावतळ्यातून लिम्निया आणून पेटीत सोडणेही इष्ट नाही, कारण गुरांच्या यकृतकृमीचा प्रसार याच वर्गातील गोगलगायींमार्फत होतो.

कुजण्यातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे पुढे काय होते, हे वॉरिंग्टन यांच्या काळी ठाऊक नव्हते. अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. मत्स्यपेटीतील पाण्याची शुद्धता आज प्रामुख्याने याच नत्रीकरणावर मोजली जाते.

अखेरची वर्षे व कुटुंब

वॉरिंग्टन यांनी ब्रिटिश औषधसंहितेच्या संपादनात भाग घेतला. १८६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टरटन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) हेही रसायनशास्त्रज्ञ होते. रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात त्यांनी नत्रीकरणावरच काम केले आणि ही क्रिया दोन टप्प्यांत घडते, हे दाखवले. नात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी त्याच केंद्रात वनस्पतींना बोरॉन या मूलद्रव्याची अत्यल्प, परंतु अनिवार्य गरज असते, हे १९२३ मध्ये सिद्ध केले.