नागिनची बीन वाजवणारा कीबोर्ड: कल्याणजींची गोष्ट

चंद्रपूर असो की गडचिरोली, वरात मांडवाजवळ आली की धुमालवाला एक सुरावट काढतोच. मग कोणीतरी दातात रुमाल धरतो, दुसरा हातांचा फणा करून थेट रस्त्यावर लोळतो. नागीन डान्स! ही सुरावट १९५४ च्या ‘नागिन’ सिनेमातली. आपण तिला बीन म्हणतो, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये वाजली ती गारुड्याची बीन नव्हतीच. तो विजेवर चालणारा कीबोर्ड होता. वाजवणारा होता गिरगावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, कल्याणजी वीरजी शाह.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ चा, कच्छमधल्या कुंदरोडी गावचा. वडील मुंबईत आले आणि गिरगावात दुकान टाकलं. एका गिऱ्हाईकाला उधारी फेडता येईना, तेव्हा पैशांच्या बदल्यात तो दुकानदाराच्या मुलांना गाणं शिकवायला लागला. आजूबाजूला मराठी-गुजराती वस्ती, आणि गाण्या-बजावण्यातली मोठी माणसंही शेजारपाजारीच. पोरं त्यातच वाढली.

आता त्या यंत्राकडे येऊ. त्याचं नाव क्लॅव्हिओलीन. फ्रान्समधल्या व्हर्साय इथे कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते १९४७ मध्ये बनवलं. छोटी, तीन सप्तकांची पट्टी, सोबत अँप्लिफायर आणि स्पीकरचा वेगळा खोका. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. चिप नाही, मेमरी नाही, आधी रेकॉर्ड केलेला आवाज तर नाहीच नाही. व्हॉल्व्हचं सर्किट एक लहर तयार करायचं, वेगवेगळी बटणं त्या लहरीला गाळून तिचा पोत बदलायची, आणि स्वराला कंप द्यायचीही सोय होती. आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. तुमच्या मोबाईलवरच्या सिंथ ॲपमध्ये ऑसिलेटर, फिल्टर, व्हायब्रेटो असं लिहिलेलं दिसतं ना? त्यातलं बरंचसं इथे होतं, फक्त लाकडी डब्यात.

एक मोठी अडचण मात्र होती. एका वेळी एकच स्वर वाजायचा. दोन पट्ट्या दाबून कॉर्ड वगैरे विसरा.

आणि माझ्या मते हीच अडचण कल्याणजींच्या कामी आली. गारुड्याच्या बीनला भोपळ्याखाली दोन नळ्या असतात. एकीवर सुरावट, दुसरीवर सतत धरलेला सूर. म्हणजे सुरावट बीनमध्येही एकेरीच चालते. नळीतली पाती थरथरते, म्हणून आवाज नाकातून आल्यासारखा, हार्मोनिक्सने भरलेला. व्हॉल्व्हची लहरही तशीच खरखरीत. आणखी एक, गारुडी गाल फुगवून श्वास न तोडता वाजवतो. यंत्राला तर श्वासच नाही, पट्टी दाबून ठेवा, सूर चालू. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजींनी हे वाद्य वाजवलं, जोडीला त्यांचे सहायक रवी हार्मोनियमवर. पण नुसतं बटण दाबून बीन निघत नाही. कुठला सूर हलवायचा, कुठे थांबायचं, गुडघा कधी ढकलायचा, हे सगळं वाजवणाऱ्याचं. खात्री करायची असेल तर एखाद्या कीबोर्ड ॲपमध्ये ‘मोनो’ मोड लावा, रीडचा आवाज निवडा आणि एका बोटाने प्रयत्न करून बघा.

सिनेमा तुफान चालला. संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार हेमंतकुमारांना मिळाला, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण त्या काळी वादकाचं नाव पडद्यावर यायची पद्धत नव्हती. गंमत म्हणजे पुढे खरे गारुडीही खऱ्या बीनवर हीच सिनेमाची धून वाजवायला लागले. मूळ कोण आणि नक्कल कोण, सांगा आता! (सापाला बाहेरून कान नसतात, तो बीनच्या हलण्याकडे बघून डोलतो. त्यामुळे त्याची काही तक्रार नसावी.)

कल्याणजी वादक म्हणून थांबले नाहीत. १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’ला त्यांनी स्वतः संगीत दिलं, मग धाकटे भाऊ आनंदजी सोबत आले आणि कल्याणजी-आनंदजी हे नाव तयार झालं. ‘जब जब फूल खिले’, ‘उपकार’, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला ‘सरस्वतीचंद्र’, फिल्मफेअर मिळालेला ‘कोरा कागज’, अमिताभचा ‘डॉन’, यादी लांब आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल आधी यांच्याकडेच सहायक होते. स्टेज शोही जोरात चालायचे, आणि पुढे ‘लिटल वंडर्स’ नावाच्या ग्रुपमध्ये लहान मुलं गायची. सुनिधी चौहान त्यातलीच. १९९२ मध्ये दोघा भावांना पद्मश्री मिळाली. २४ ऑगस्ट २००० ला कल्याणजी गेले.

पाच वर्षांनी, २००५ मध्ये, ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपचं एक गाणं जगभर वाजलं. त्यात ‘डॉन’ आणि १९७२ च्या ‘अपराध’ या दोन सिनेमांमधल्या आशा भोसलेंच्या गाण्यांचे तुकडे होते. दोन्हींचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. पुढच्या वर्षी त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरायचा तर परवानगी घ्यावी लागते आणि श्रेयही द्यावं लागतं, म्हणून गाण्याच्या रचनाकारांमध्ये कल्याणजी-आनंदजी हे नाव छापलं गेलं. वरातीतल्या त्या बीनला मात्र अजून कोणी कल्याणजींची म्हणत नाही.