हात जात्यावर, कान गोष्टीवर

जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली उखाजी महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झालं, ऐन तिशीत वैधव्य आलं आणि पुढचं आयुष्य शेत आणि मुलं सांभाळण्यात गेलं. एवढं चरित्र आमच्या खानदेशात कुणीही सांगेल. मला त्यातला एक छोटा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

मुलगा सोपान याने शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोष्टीचं गाणं आईकडे तयार होतं!

आईला अक्षरओळख नव्हती. धडा एकदा कानावर पडला, रात्रीत मुरला आणि सकाळी छंदात बाहेर आला. शाळेत याला किती गुण मिळाले असते? शाळा म्हणते, हाताची घडी, तोंडावर बोट. बहिणाबाईंची गाणी तर दळताना, शेतात राबताना जुळत. हात चालू असले की त्यांचं मन ठरत असावं. बँकेत असताना मी कर्जाच्या कागदावर अंगठा उठवणारे शेतकरी पाहिले. व्याजाचा हिशेब त्यांच्या तोंडी आमच्या आधी तयार असे.

मग सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी गाणी वहीत उतरवू लागले. म्हणजे आईला लेखनिकच मिळाला म्हणा ना! बहिणाबाईंना काही अक्षमता होती, असं मला म्हणायचं नाही. त्या पिढीत शेतकऱ्याच्या मुलीच्या हाती पाटीच येत नसे. पण आज ज्या मुलाला सारं समजतं आणि लिहिताना मात्र अक्षरं उलटसुलट होतात, त्याच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ देऊ केला आहे. काही पालक मात्र लोक काय म्हणतील म्हणून पोराची तपासणीसुद्धा करून घेत नाहीत. वर्षं निघून जातात आणि पोरगं स्वतःला ‘ढ’ समजू लागतं.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. वहीत उतरली ती गाणी राहिली. त्याआधी लिहून घ्यायला जवळ कुणी नव्हतं, तेव्हाची कितीतरी दळणाबरोबरच संपली.