समाजी हसाजी दिवेकर : पदवीवाचूनचे धर्मकार्य

क्षिप्रातीरी वसलेल्या उज्जयिनीला धर्मपदांचा परिचय नवा नाही. घाटावरील तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या जतन करतात, सिंहस्थात आखाड्यांचे महामंडलेश्वर छत्रचामरांसह स्नानाला निघतात. पदाबरोबर मान येतो, हे येथे नित्य पाहावयास मिळते. परंतु मान नाही, पदवी नाही आणि तरीही साऱ्या समाजाच्या धर्माचा भार एखाद्याने आपण होऊन उचलला, अशी उदाहरणे विरळा. ही नगरी शिंद्यांची राजधानी होती त्या काळात, मुंबई बेटावरील एका मराठी भाषकाने असा भार उचलला. त्याचे नाव समाजी हसाजी दिवेकर. हिब्रू ग्रंथांच्या भाषेत तेच नाव शमुएल येहेझ्केल असे होते.

दिवेकर बेने इस्राएल समाजातले. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. कोकणातील खेड्यांतून तेल गाळून ही मंडळी उदरनिर्वाह करीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडली, भाषा मराठी झाली. धर्मग्रंथ मात्र जवळ उरला नाही. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ईश्वराच्या एकत्वाची शेमा ही एक प्रार्थना, एवढ्यावर अनेक शतके निभावली. पुढे दाविद राहाबी नावाच्या धर्मज्ञाने त्यांना ओळखले व झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मशिक्षण देऊन काजी नेमले, असे परंपरा सांगते. राहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काजींनी गावोगाव फिरून विवाह व सुंता लावावी, तंटे मिटवावेत, अशी रीत मात्र निश्चित होती.

येथे ज्यू धर्मातील पदांचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. कोहेन हा आरोनच्या वंशातला पुरोहित. ते स्थान जन्माने मिळते. जेरुसलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये नष्ट झाल्यावर त्याच्याकडे आशीर्वचनासारखी मोजकीच कर्तव्ये उरली. रब्बी हा पुरोहित नव्हे. तो धर्मशास्त्राचा शिक्षक आणि निर्णायक. त्याचे पद अध्ययनाने प्राप्त होते. हज्जान प्रार्थनेचे नेतृत्व करतो. सामूहिक उपासनेला रब्बी असलाच पाहिजे असे नाही. दहा प्रौढ पुरुष मात्र लागतात. धर्माचे ओझे असे सामान्य माणसाच्याही खांद्यावर ठेवलेले आहे. बेने इस्राएलांत रब्बी नव्हते. त्यामुळे ते ओझे तेथे अधिकच जड होते.

दिवेकर पेशाने शिपाई. अठराव्या शतकात या समाजातील अनेक तरुण कोकण सोडून मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले. दिवेकर त्या फौजेत देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्यापर्यंत चढले. १७८० ते १७८४ या काळात झालेल्या दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या सैन्याच्या हाती सापडले. कैद्यांची जात विचारली असता त्यांनी बेने इस्राएल असे सांगितले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक, असे म्हणून टिपूच्या मातेने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी कथा समाजात सांगितली जाते. सुखरूप परतलो तर ईश्वरासाठी प्रार्थनालय बांधीन, हा नवसही त्या कथेतच येतो.

नवस त्यांनी फेडला. १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात त्यांनी बांधलेले प्रार्थनालय उभे राहिले. मुंबई शहरातील ते पहिले. त्याचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. समाजाच्या मराठीत सिनेगॉगला मशीदच म्हणत, म्हणून पुढे ही वास्तू जुनी मशीद या नावाने ओळखली गेली. १८६० मध्ये ती त्याच रस्त्यावर नव्या जागी बांधण्यात आली, आणि तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट झाला. या प्रार्थनालयांभोवती समाजाची नवी व्यवस्था आकारास आली. प्रार्थनेस हज्जान, द्रव्याच्या हिशेबास गब्बाई, वास्तूच्या देखरेखीस शमाश, आणि तंट्यांच्या निवाड्यास मुकादम व चौगुले. यांतील पहिली तीन पदे हिब्रू, शेवटची दोन थेट मराठी गावगाड्यातली. काजींचे वंशपरंपरागत महत्त्व यापुढे हळूहळू ओसरत गेले.

वास्तू झाली, पण तिचा प्राण असा जो ग्रंथ, त्याची निकड होती. तोराहचे सेफेर चर्मपत्रावर हातानेच लिहावे लागते. परंपरेने त्यात ३,०४,८०५ अक्षरे गणली जातात. एक अक्षर गळाले तरी दुरुस्ती होईपर्यंत ते वाचनास अयोग्य ठरते. अशा गुंडाळ्या मिळविण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले. तेथील ज्यूंकडे ग्रंथ होते, विद्या होती. १७९७ मध्ये कोचीनलाच त्यांचा अंत झाला. आपण बांधलेल्या मंदिरात त्यांना जेमतेम वर्षभर प्रार्थना करता आली असेल.

त्यांनी उघडलेले द्वार मात्र मिटले नाही. पुढील शतकात कोचीनहून शिक्षक आले, प्रार्थनांची मराठी भाषांतरे झाली, कोकणात व मुंबईत सिनेगॉग उभे राहिले. विसाव्या शतकात इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांसमोर निराळाच प्रसंग उभा राहिला. या समाजातील व्यक्तींच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश तेथील मुख्य रब्बींच्या धर्मपीठाने १९६२ मध्ये काढला. समाजाने निदर्शने केली. १९६४ मध्ये हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे सरकारने जाहीर केले, आणि धर्मपीठाला आदेशातील त्यांचा नामोल्लेख वगळावा लागला. ज्यांच्याकडे सर्वोच्च पदव्या होत्या त्यांनी शंका घेतली. ज्यांच्याकडे एकही पदवी नव्हती त्यांनी धर्म टिकविला होता.

दिवेकरांना कोणी रब्बी म्हटले नाही, काजीपणही त्यांच्या घराण्यात नव्हते. एका ग्रंथासाठी उतारवयात केलेला दूरचा प्रवास हेच त्यांचे अधिकारपत्र. ग्रंथावाचून समाज पोरका होतो हे जाणून पदरमोड करणाऱ्या, झिजणाऱ्या माणसांच्या बळावरच प्रार्थनालये उभी राहतात, आणि ग्रंथालयेही.