स्वदेशीच्या घरातील आयातदार

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, रिक्षावाल्याला नुसते बजाज एवढेच सांगितले तर तो दोनपैकी एका ठिकाणी नेणार. एक म्हणजे नगर रस्त्यावरील वाळूजचा कारखाना आणि दुसरे म्हणजे बीड बायपासवरील कमलनयन बजाज रुग्णालय. पहिल्या ठिकाणी मराठवाड्यातील हजारो कुटुंबांची चूल पेटली, दुसऱ्या ठिकाणी अनेकांचे प्राण वाचले. मात्र रुग्णालयाच्या पाटीवर ज्यांचे नाव आहे ते कमलनयन बजाज कोण होते, असे विचारले तर आजच्या पिढीतील बहुतेकांना राहुल बजाज यांचे वडील, यापलीकडे काही सांगता येत नाही. गाडीचा सुटा भाग परदेशातून मागवावा की येथेच बनवून घ्यावा, या आज किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाशी या माणसाच्या आयुष्याचा फार मोठा भाग जोडलेला होता.

कमलनयन यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ चा. वडील जमनालाल बजाज हे मूळचे राजस्थानातील सीकरजवळचे. वर्ध्याचे सावकार व व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले आणि बजाज घराणे वर्धेकर झाले. जमनालालजींना महात्मा गांधी आपल्या मुलासारखे मानत. असहकाराच्या चळवळीत, १९२१ मध्ये, जमनालालजींनी सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली. आई जानकीदेवींनी अंगावरचे दागिने आधीच उतरविले होते. आता घरातील रेशमी आणि विलायती वस्त्रांची होळी झाली. त्या वेळी कमलनयन सहा वर्षांचे होते. परदेशी वस्तू घरात आणणे हे पाप, ही शिकवण या मुलाला पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या घरातील जळत्या कपड्यांतून मिळाली.

त्यांचे बालपणही धनिकांच्या मुलांसारखे गेले नाही. विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले होते. गांधीजींनीही पुढे १९३४ मध्ये वर्धा आणि १९३६ मध्ये सेवाग्राम हे आपले कार्यक्षेत्र केले. आश्रमातील शिस्त, सूतकताई आणि स्वावलंबन यांच्या वातावरणात कमलनयन वाढले. नंतर मात्र ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला, केंब्रिज विद्यापीठात गेले. चरखा आणि केंब्रिज या दोन टोकांमध्ये त्यांचे मन घडले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. परतल्यावर ते वडिलांच्या हाताखाली व्यवसायात आणि सामाजिक कार्यात रुजू झाले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे अकाली निधन झाले, तेव्हा कमलनयन अवघे २७ वर्षांचे होते. साखर कारखाना, पोलाद आणि विजेच्या दिव्यांचा उद्योग एवढा पसारा आणि शिवाय वडिलांच्या नैतिक उंचीचे ओझे त्यांच्या खांद्यावर आले. धाकटे बंधू रामकृष्ण हे सोबतीला होते.

आयातीपासून सुरुवात

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाची कंपनी स्थापन झाली. नाव पणजोबांचे आणि धंदा व्यापाराचा. भारत स्वतंत्र झाल्यानंतर, १९४८ मध्ये, या कंपनीने परदेशी दुचाकी आणि तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास प्रारंभ केला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इटलीत पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा ही स्कूटर बाजारात आणली होती. तीच स्कूटर आता भारतीय रस्त्यांवर दिसू लागली. तीनचाकीच्या बाबतीत नवलमल फिरोदिया यांचा पुढाकार मोठा होता. पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा आली ती त्यांच्या प्रयत्नांमुळे. योगायोग असा, की ज्या १९४८ साली मुंबई बंदरात या गाड्या उतरू लागल्या, त्याच साली १७ सप्टेंबरला औरंगाबादसह सारा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. या दोन घटनांची गाठ पुढे वाळूजच्या माळरानावर पडेल, अशी कल्पनाही त्या वेळी कोणी केली नसेल.

ज्या घराने विलायती कापडाची होळी केली, त्याच घराने विलायती स्कूटर विकावी, ही विसंगती लपण्यासारखी नव्हती. परंतु तिच्या मुळाशी एक कठोर वस्तुस्थिती होती. कापड विणणारे हात या देशात होते. स्कूटरचे इंजिन घडविणारे हात, त्यासाठी लागणारे पोलाद, साचे आणि अचूक मापाची यंत्रे मात्र नव्हती. आयात टाळायची असेल तर आधी ती विद्या मिळवावी लागणार होती आणि ती विद्या परदेशातच होती.

१९५४ पासून कमलनयन यांनी समूहाची सूत्रे प्रत्यक्ष हाती घेतली. देशातील वातावरणही बदलत होते. केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या मोटार कंपन्यांना येथे स्थान नाही, असे धोरण सरकारने १९५३ नंतर स्वीकारले आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपला गाशा गुंडाळला. मद्रासला १९५५ मध्ये सुरू झालेल्या एन्फिल्ड इंडियाच्या बुलेटचे भाग आरंभी इंग्लंडहून येत. १९६२ पर्यंत ते सर्व भाग येथे तयार होऊ लागले. १९५७ नंतर परकी चलनाची तीव्र टंचाई जाणवू लागली आणि प्रत्येक आयात भागासाठी परवाना, हा नियमच झाला.

आकुर्डीचा कारखाना

बजाजला दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. १९६० मध्ये कंपनी सार्वजनिक झाली, पियाजिओशी तांत्रिक सहकार्य ठरले आणि पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. आकुर्डीतील खरी परीक्षा गाडी विकण्याची नव्हती, तर तिच्यातील एकेक भाग परदेशाऐवजी येथून घेण्याची होती.

हे काम वाटते तितके सोपे नसते. परदेशातून भाग मागविला तर किमतीवर जहाजाचे भाडे, विमा आणि जकात चढते; परवान्यासाठी वाट पाहावी लागते; आणि जहाजाला उशीर झाला तर एका लहानशा भागावाचून तयार गाड्या उभ्या राहतात. येथे बनवायचा तर आधी साचा करावा लागतो. साच्याचा खर्च मोठा असतो आणि तो हजारो नगांवर वाटला गेला तरच एक नग परवडतो. म्हणजे देशी भाग स्वस्त होण्यासाठी उत्पादन भरपूर हवे. पण उत्पादन किती करायचे हेही सरकारी परवानाच ठरवीत असे. कमलनयन यांच्या पिढीतील उद्योजकांना ही गाठ सोडविता सोडविता आयुष्य घालवावे लागले. टायर, आसन, केबल असे भाग तुलनेने लवकर देशी होतात; गिअर, क्रँकशाफ्ट, कार्बुरेटर यांसाठी मात्र केसाएवढाही फरक चालत नाही. अशा भागांसाठी नुसता कारखाना पुरत नाही, शेजारी शंभर छोटे कारखाने उभे करावे लागतात. पिंपरी-चिंचवड परिसरातील लघुउद्योगांची दाट वस्ती ज्या कारखान्यांभोवती वाढली, त्यांत आकुर्डीचा वाटा मोठा आहे.

या धोरणाची किंमत ग्राहकालाही मोजावी लागली, हे विसरता येत नाही. नोंदणी केल्यावर स्कूटर हाती पडायला वर्षानुवर्षे लागत. हुंड्याच्या यादीत बजाजचे नाव आले ते याच टंचाईमुळे. परदेशात नातलग असलेल्याने परकी चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. घरच्याच कारखान्यातील वस्तू डॉलर असलेल्याला आधी मिळावी, यापेक्षा मोठा विरोधाभास तो कोणता? स्पर्धेपासून मिळालेल्या संरक्षणाने उद्योग जगविला, पण त्याला आळसही जडविला, हा आक्षेप पूर्णतः खोडून काढता येणार नाही.

कमलनयन केवळ उद्योगपती नव्हते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत वर्धा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. परवाने देणाऱ्या राज्यव्यवस्थेत ते बसत होते आणि त्याच परवान्यांची वाट पाहणारे कारखानेही चालवीत होते. व्यवसायातही कसोटीचे क्षण आले. फिरोदिया आणि बजाज या दोन कुटुंबांची वाट १९६८ मध्ये वेगळी झाली. बजाज ऑटोचे नेतृत्व कमलनयन यांचे चिरंजीव राहुल यांच्याकडे आले, तर बजाज टेम्पो फिरोदियांकडे गेली. ज्या सहकाऱ्याबरोबर उभारणी केली त्याच्यापासून दूर होण्याचे दुःख कोणत्याही ताळेबंदात दिसत नसते.

१९७० मध्ये बजाज ऑटोचे एक लाखावे वाहन बाहेर पडले. १९७१ मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला. आता व्हेस्पा हे नाव वापरता येणार नव्हते, परदेशातून तंत्राचा आधार मिळणार नव्हता. ज्या दिवसासाठी दहा वर्षे एकेक भाग देशी केला, तो दिवस उजाडला होता. १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक रस्त्यावर आली. तिचा मूळ आराखडा मात्र इटालियन वळणाचाच होता. त्यामुळे पुढे निर्यातीच्या वेळी पियाजिओने परदेशांतील न्यायालयांत बजाजला आव्हान दिले. भाग आपला झाला तरी आराखडा आपला होईपर्यंत स्वावलंबन अपुरेच राहते, हा धडा त्यातून मिळाला.

चेतकचे यश पाहणे कमलनयन यांच्या नशिबी नव्हते. १ मे १९७२ रोजी, महाराष्ट्र दिनीच, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी महाराष्ट्र, आणि विशेषतः मराठवाडा, भीषण दुष्काळात होरपळत होता.

वाळूजचा वारसा

दुष्काळानंतर १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले. या भागात उद्योग हवेत, रेल्वे हवी, ही त्यातील मागणी होती. औरंगाबादला तेव्हा मीटरगेज रेल्वे होती आणि शहराची ओळख हिमरू, पैठणी व वेरूळ-अजिंठ्याचे प्रवेशद्वार अशी होती. अशा शहरालगत वाळूज येथे बजाज ऑटोच्या नव्या कारखान्याची कोनशिला १९८४ मध्ये बसविण्यात आली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काळही बदलला होता. होंडा, सुझुकी, यामाहा या जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या होत्या. बजाजनेही कावासाकीशी हात मिळविला आणि १९८६ मध्ये केबी १०० ही मोटारसायकल आणली. परदेशातून शिकायचे आणि येथे घडवायचे, हा आकुर्डीचा धडा पुन्हा गिरवावा लागला.

या खेपेस मात्र सुटे भाग बनविणारे घरातूनच पुढे आले. कमलनयन यांच्या कन्या सुमन जैन यांचे जुळे पुत्र अनुरंग आणि तरंग औरंगाबादला आले. अनुरंग यांनी १९८५ मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा छोटा कारखाना काढला. त्याचीच पुढे एन्ड्युरन्स झाली. तरंग यांनी व्हॅरॉक उभी केली. ब्रेक, क्लच, शॉक ॲब्सॉर्बर, प्लास्टिकचे भाग, दिवे असे कितीतरी भाग त्यांच्या व इतर लघुउद्योजकांच्या शेडमधून तयार होऊ लागले. मागणी आणि पुरवठा यांत जहाज उरले नाही. काही किलोमीटरचा रस्ता उरला. पुढे एन्ड्युरन्सने इटलीतीलच कारखाने विकत घेतले. ज्या देशातून आजोबांनी स्कूटर मागविली, त्या देशात नातवाचे कारखाने चालतात. दुसरीकडे पियाजिओही बारामतीला आली आणि २०१२ पासून व्हेस्पा तेथे बनू लागली. चक्र असे पूर्ण झाले.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. बजाजने २००९ मध्ये स्कूटर थांबविण्याचा निर्णय घेतला आणि दहा वर्षांनी विजेवर चालणारी चेतक आणली. २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा या चेतकच्या उत्पादनाला फटका बसला. मुठीत मावेल एवढा चुंबक आणि त्यावाचून अडलेली गाडी. १९६० च्या आकुर्डीला हे दृश्य मुळीच अनोळखी वाटले नसते.

परदेशी माल जाळणे हे स्वदेशीचे पहिले पाऊल होते. तोच माल येथे घडविण्याची चिकाटी हे दुसरे. जमनालालजींनी पहिले पाऊल टाकले. दुसरे टाकताना त्यांच्या मुलाला काही काळ आयातदार व्हावे लागले, तडजोडी कराव्या लागल्या आणि फळ दिसण्याआधीच निरोप घ्यावा लागला. आज पहाटेच्या पाळीला वाळूजकडे निघालेल्या कामगारांच्या रांगेत त्या दुसऱ्या पावलाचा अर्थ सापडतो.