सोंगाड्या

आमच्या घरात दादा कोंडके यांचे नाव निघाले की दोन तट पडतात. आजोबांनी त्यांचे चित्रपट मढीच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये मातीत बसून पाहिले. आई मात्र ते लागले की टीव्ही बंद करते. मी बरीच वर्षे आईच्या बाजूचा. पण गेल्या स्नेहसंमेलनात मला वगातल्या सोंगाड्याचे काम मिळाले आणि माझ्या एकाही विनोदाला कोणी हसले नाही. तेव्हा हा माणूस समजून घ्यावा असे वाटले.

कृष्णा कोंडके यांचा जन्म १९३२ चा, मुंबईच्या गिरणगावातला. अपना बाजारात नोकरी, फावल्या वेळात बँड आणि सेवा दलाचे कलापथक, असा त्यांचा आरंभ. तरुणपणी अल्पावधीत जवळची अनेक माणसे गेली. एवढे दुःख पचवून त्यांनी लोकांना हसवायचे ठरवले, हे वाचून मी थबकलो. मी तर केवळ टाळ्यांसाठी उभा राहिलो होतो!

१९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले. दादांचा त्यातला हवालदार लिहिलेल्या संवादांत मावत नसे. त्या दिवसाची बातमी, समोर बसलेला प्रेक्षक, सरकारचा नवा हुकूम, सारे ते बोलण्यात ओढून घेत. ही तमाशातल्या बतावणीची जुनी रीत. मी पाठ केलेली वाक्ये म्हणत होतो. समोर कोण बसले आहे हे पाहिलेच नव्हते. या वगनाट्याचे पंधराशेहून अधिक प्रयोग झाले.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून (१९६९) ते पडद्यावर आले आणि १९७१ मध्ये त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. दादरच्या कोहिनूर चित्रगृहाने ठरलेल्या तारखा दुसऱ्या हिंदी चित्रपटाला दिल्या, तेव्हा बाळासाहेब ठाकरे पाठीशी उभे राहिले आणि 'सोंगाड्या' लागला. त्यातला भोळा नाम्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना आपल्या घरातला वाटला. पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' आले. त्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला व त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

आईचा आक्षेप मात्र खोटा नाही. पुढे पुढे द्व्यर्थी संवादांचा भार वाढला, आणि बायकांकडे पाहून केलेले विनोद आज ऐकताना मलाही अवघडल्यासारखे होते. १४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. त्यांच्या विनोदातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे आता आपणच ठरवायचे.

यंदा पुन्हा तोच वग आहे. आजोबा पहिल्या रांगेत बसणार आहेत. आईलाही आणायचे आहे, म्हणून दोन वाक्ये मी आधीच गाळली आहेत. त्या जागी काय बोलायचे, ते समोरची मंडळी पाहून ठरवीन.