टपाल घेऊन आलेले वैमानिक : जे. आर. डी. टाटा



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हाला एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. मी जे. आर. डी. टाटा यांचे घेतले. टाटा म्हटले की आपल्याला मीठ आठवते, नाहीतर ट्रक आठवतो. पण आपल्या देशात विमानाने टपाल नेण्याचे मोठे काम यांनी सुरू केले, आणि तेही मुंबईच्या जुहूच्या चिखलातून. म्हणून मला ते लिहावेसे वाटले.

त्यांचे पूर्ण नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस शहरात. वडील पारशी आणि आई फ्रेंच. त्यामुळे लहानपणी घरात फ्रेंच भाषा चाले. फ्रान्समध्ये समुद्रकाठी हार्देलो नावाचे गाव आहे. तिथे टाटांचे सुट्टीचे घर होते, आणि जवळच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. ब्लेरिओ म्हणजे १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वीर. त्यांची विमाने वाळूवर उतरत. आपल्याकडे पोरे एसटी आली की धावतात, तसे हे पोर विमान आले की धावत असणार. तेव्हाच त्यांच्या मनात भरले, की आपणही उडायचे.

पण लगेच उडायला मिळाले नाही. त्यांना काही काळ फ्रेंच सैन्यात नोकरी करावी लागली. मग वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले. १९२५ साली ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. मालकाच्या घरातला मुलगा आणि बिनपगारी, हे वाचून माझे आजोबा खूप हसले. पुढच्याच वर्षी वडील वारले.

१९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. त्याची विमाने जुहूच्या मैदानावरून उडत. जेआरडी तिथे शिकायला गेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर आकडा होता १. तेव्हा त्यांचे वय होते २४.

आता एक गंमत सांगतो. १९३० सालच्या शर्यतीसाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, जो भारतीय एकट्याने पहिला उडून जाईल त्याला ते मिळणार होते. तिघे जण निघाले. एक मनमोहन सिंग (हे आपले माजी पंतप्रधान नव्हेत बरं का, दुसरे), एक अॅस्पी इंजिनिअर आणि तिसरे जेआरडी. अॅस्पी इंग्लंडहून इकडे येत होते आणि जेआरडी कराचीहून तिकडे चालले होते. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अॅस्पी तिथे अडकून बसले होते, कारण त्यांच्या इंजिनाचे प्लग बिघडले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. शर्यतीत कोणी असे करील का, सांगा बघू! अॅस्पी उडाले आणि काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकले. ते तेव्हा फक्त १७ वर्षांचे होते. पुढे १९६० मध्ये हेच अॅस्पी आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींचे बक्षीस गेले, पण मला तर हा प्रसंग बक्षिसापेक्षा मोठा वाटतो.

आता टपालाकडे वळतो. आजकाल मुलांना पत्राचे महत्त्व कळत नाही, फोन लावला की झाले. पण माझे आजोबा गिरणीत होते, तेव्हा आजीला त्यांचे पत्र हाच आधार. पत्र आले की आजी ते दोनदोनदा वाचून घ्यायची. त्याच्याही आधीच्या काळात इंग्लंडहून विमानाने येणारे टपाल कराचीपर्यंतच येई. कराची आता पाकिस्तानात आहे. तिथून पुढे मुंबई-मद्रासला टपाल विमानाने न्यावे, ही कल्पना नेव्हिल विन्सेंट या वैमानिकाने जेआरडींना सांगितली. टाटांनी दोन लाख रुपये घालायचे ठरवले. पण सरकारकडून होकार यायला तीन वर्षे गेली. अखेर १९३२ च्या एप्रिलमध्ये करार झाला. सरकारने मदत म्हणून काही दिले नाही. नेलेल्या टपालाचे पैसे तेवढे मिळणार होते.

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीहून एकटे निघाले. विमान होते पुस मॉथ. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेप घेतो तो किडा. विमानही तसेच चिमुकले, एका इंजिनाचे, पंखांवर कापड ताणलेले. जमिनीवरच्या माणसांशी बोलायला रेडिओ नाही. आत टपाल किती? ५५ पौंड. म्हणजे सुमारे २५ किलो, आपल्याकडे तांदळाची लहान गोणी असते तेवढे. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! विमानाला पेट्रोल आणि ते आणायला बैल. डबे ओतून झाले, विमान पुन्हा उडाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले. तिथून पुढे विन्सेंट यांनी दुसऱ्या विमानाने टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेले.

जुहूला म्हणजे आपल्याला वाटेल मोठा विमानतळ असेल. तसे काही नव्हते. समुद्राजवळची सपाट चिखलाची जमीन आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई, मग सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवायचे आणि पाऊस सरला की परत यायचे. अंधेरीला माझी आत्या राहते. गेल्या दिवाळीत तिच्या यजमानांनी मला जुहूचे ते मैदान बाहेरून दाखवले. आता तिथून हेलिकॉप्टर उडतात आणि समुद्रातल्या तेलविहिरींकडे जातात. चारी बाजूंनी इमारती झाल्या आहेत. चिखल कुठे शोधायचा?

त्या चिखलातूनही टपाल वेळेवर जाई. घाटावर ढग दाटलेले असताना छोटे विमान न्यायचे म्हणजे खेळ नव्हे. तरी पहिल्या वर्षात त्यांचे टपाल शंभर टक्के वेळेवर पोचले, अशी नोंद सरकारी अहवालात झाली. त्याच वर्षात १५५ प्रवासीही नेले. आज एका विमानात त्याहून जास्त माणसे बसतात.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९३८ साली, ३४ व्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. विन्सेंट १९४२ साली महायुद्धात विमान प्रवासातच गेले. १९४६ मध्ये कंपनीचे नाव एअर इंडिया झाले आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले.

१९५३ साली सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना हे मुळीच पटले नाही. स्वतः लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात गेले. माझ्यासारखा असता तर रुसून बसला असता. पण सरकारने अध्यक्षपद दिले ते त्यांनी घेतले, आणि पगार न घेता पंचवीस वर्षे सांभाळले. विमानात बसले की वही काढून टिपणे करीत. पडदे मळलेत का, चहा नि कॉफीचा रंग सारखाच का दिसतो, इतके बारीक. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः पुसून काढीत. आमच्या वर्गात फळा पुसायची पाळी आली की किती जण पळतात ते मी लिहीत नाही.

मग १९७८ आले. १ जानेवारीला एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान सांताक्रूझहून उडाले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. पुढच्याच महिन्यात सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. पत्र हाती पडण्याआधीच ही बातमी त्यांना दुसऱ्यांकडून कळली. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. हे वाचताना मला फार वाईट वाटले. पंचेचाळीस वर्षे ज्यासाठी घालवली, तिथे निरोपाचे दोन शब्द तरी आधी सांगायला हवे होते. १९८० मध्ये त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले, अध्यक्ष म्हणून मात्र नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली. जेआरडी ७८ वर्षांचे होते. त्या दिवशी ते पुन्हा कराचीहून जुन्या पद्धतीच्या लेपर्ड मॉथ विमानातून निघाले, अहमदाबादला उतरले आणि जुहूला आले. एकटेच! आमच्या गावातले ७८ वर्षांचे आजोबा पारावरून उठताना दुसऱ्याचा हात धरतात. त्या वयात हे गृहस्थ एका इंजिनाचे विमान चालवत समुद्रकाठाने येत होते. जुहूला लोक वाट बघत उभे होते.

१९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते वारले आणि पॅरिसमध्ये त्यांचे दफन झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी सरकारने विकलेली एअर इंडिया परत टाटांकडे आली. जेआरडींना जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती.