पंपाच्या प्रसंगानंतरच्या हेलन केलर

शाळेच्या पुस्तकात भेटलेली हेलन केलर बहुतेकांच्या मनात सहा-सात वर्षांचीच राहते. अंगणातला हातपंप, एका तळहातावर पडणारे गार पाणी, दुसऱ्या तळहातावर बाईंनी बोटांच्या खुणांनी उमटवलेली अक्षरे, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीला अचानक उमगणे. ही गोष्ट ५ एप्रिल १८८७ ची. त्यानंतर हेलन केलर ८१ वर्षे जगल्या. या ८१ वर्षांतला बराच काळ त्यांनी अगदी रूक्ष वाटेल अशा कामात घालवला. अंध माणसाला दरमहा काही रक्कम सरकारने द्यावी का, किती द्यावी आणि कोणत्या अटीवर द्यावी, हा त्या कामाचा विषय होता. पाठ्यपुस्तकात तो मावत नाही, पण डॉक्टर म्हणून मला त्यांच्या आयुष्याचा हाच भाग जास्त मोलाचा वाटतो.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावचा. एकोणीस महिन्यांची असताना तिला जोराचा ताप आला. मुलगी वाचली, पण दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. त्या वेळच्या डॉक्टरांनी पोटात आणि मेंदूत रक्त साकळल्याचे निदान केले होते. आज त्याला काही अर्थ नाही. वर्णनावरून हा मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे मेनिन्जायटिस असावा, असे आता अनेकांचे मत आहे. स्कार्लेट फिव्हरचेही नाव घेतले जाते. यापैकी काहीही असले तरी १८८२ साली त्यावर औषध नव्हते.

या कथेत शिक्षिका म्हणून आलेल्या ॲन सलिव्हन यांची हकीकत मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण सरकारी मदतीचा त्या काळचा चेहरा त्यांनी आतून पाहिला होता. ॲनला लहानपणी खुपऱ्या झाल्या आणि दृष्टी जवळजवळ गेली. आई वारली, वडिलांनी मुलांची जबाबदारी टाकली. १८७६ मध्ये दहा वर्षांच्या आतल्या ॲनला आणि तिच्या धाकट्या भावाला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ट्यूक्सबरीच्या सरकारी दीनगृहात ठेवले गेले. भावाला खुब्याच्या सांध्याचा क्षय होता. काही महिन्यांतच तो तिथे गेला. म्हातारे, वेडे, अंध, आजारी, अविवाहित गरोदर मुली, टाकलेली मुले असे सगळे एका छपराखाली. मदत हवी तर घर सोडून या दाराच्या आत यायचे, बाहेर राहणाऱ्याला फारसे काही मिळायचे नाही, असा एकूण खाक्या होता. आत येणे इतके लाजिरवाणे असावे की खरा निराधारच येईल, हा त्यामागचा हिशोब. ॲन तिथे चार वर्षांहून जास्त राहिली. १८८० मध्ये धर्मादाय कारभाराचे अधिकारी पाहणीला आले तेव्हा गर्दीत घुसून तिने आपल्याला शाळेत जायचे आहे असे ओरडून सांगितले, म्हणून ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत पोहोचली. तिथे असताना डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, थोडी दृष्टी परत आली, आणि मार्च १८८७ मध्ये वीस वर्षांची ॲन केलरांच्या दारात उभी राहिली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९०३ मध्ये आत्मचरित्र, १९०४ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजची पदवी. अंध आणि बधिर अशी दोन्ही अपंगत्वे असणाऱ्या व्यक्तीने मिळवलेली ती पहिली बी.ए. पदवी. हे शिक्षण कोणाच्या पैशावर झाले, ते सहसा सांगितले जात नाही. लेखक मार्क ट्वेन यांनी स्टँडर्ड ऑइलचे धनाढ्य अधिकारी हेन्री रॉजर्स यांना गळ घातली आणि खर्चाची सोय झाली. बुद्धी हेलनची, कष्ट दोघींचे, पण फी एका श्रीमंताच्या मर्जीची. ट्वेन यांच्याशी ओळख नसलेल्या अंध मुलीचे काय, हा प्रश्न हेलन यांना पुढे सतत टोचत राहिला असावा असे त्यांच्या कामावरून दिसते.

१९०६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अंधांसाठीच्या आयोगावर त्यांची नेमणूक झाली. अंधत्व म्हणजे अंधशाळेतली मुले, ही समजूत किती अपुरी आहे ते अशा कामात लगेच कळते. बहुसंख्य लोकांची दृष्टी मोठेपणी गेलेली असते. कारखान्यात डोळ्यात काही उडालेले, काचबिंदू झालेले, म्हातारपणी मोतीबिंदू वाढलेले. त्यांना शाळेत घालून उपयोग नव्हता. त्यांना काम हवे होते, आणि काम होण्यासारखे नसेल तर दोन वेळचे जेवण.

याच काळात हेलन यांनी एक धाडस केले, ज्याबद्दल आरोग्यविषयक सदरात लिहिलेच पाहिजे. अमेरिकेतल्या अंधशाळांत येणाऱ्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा मुलांचे डोळे जन्मानंतरच्या काही दिवसांत गेलेले असत. कारण परमा. आईला तो रोग बहुधा नवऱ्याकडून मिळालेला, आणि प्रसूतीच्या वेळी जंतू बाळाच्या डोळ्यात जात. यावरचा उपाय लायपझिगचे प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी १८८० च्या सुमारासच दाखवला होता. जन्मताच प्रत्येक डोळ्यात दोन टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. त्यांच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या डोळ्यांचा हा संसर्ग सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आला. औषध पैशाचे, पण पंचवीस वर्षे झाली तरी घराघरांतल्या सुइणींपर्यंत ते पोहोचले नव्हते, कारण रोगाचे मूळ चारचौघांत सांगायचे कसे? हेलन यांनी १९०७ मध्ये स्त्रियांच्या एका खपाच्या मासिकात हा विषय उघडपणे मांडला. अविवाहित, सभ्य घरच्या, अंध बाईने लिहिले म्हणून संपादकाला छापता आले, असे म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांनी लिहिले असते तर कदाचित ते साभार परत आले असते.

१९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षात गेल्या. गरिबांच्या वस्तीत, असुरक्षित कारखान्यांत अंधत्व जास्त का, याचा विचार त्यांना तिथे घेऊन गेला. मग वर्तमानपत्रांचा सूर बदलला. कालपर्यंत त्यांच्या बुद्धीचे गोडवे गाणाऱ्यांना ही बाई अपंगत्वामुळे चुकीच्या नादी लागली असे वाटू लागले.

त्यांचे उत्पन्न व्याख्याने आणि लेखन यांवर चाले आणि ते कधीच पुरेसे नसे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी त्यांना आयुष्यभराचे वार्षिक मानधन देऊ केले. हेलन यांनी ते नाकारले. भांडवलदाराचा पैसा नको आणि स्वतःच्या कमाईवर जगायचे, अशी दोन्ही कारणे होती. १९१३ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर मेन राज्यात ॲन आजारी पडल्या. परक्या गावात हेलन यांना फोन करता येईना, कोणाला हाक मारून गोष्ट समजावता येईना. त्यानंतर त्यांनी कार्नेगींना कळवले आणि मानधन स्वीकारले. विचारांशी ही तडजोड होती असे टीकाकार म्हणतात. मला त्यात तडजोडीपेक्षा शरीराचे साधे गणित दिसते. दुसऱ्याच्या हातावर चालणाऱ्या आयुष्याला त्या हातांचा खर्च असतो, आणि तो कोणीतरी भरावाच लागतो.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. १९१५ मध्ये शिकागोत गंभीर जन्मजात व्यंग असलेल्या एका बाळावर शस्त्रक्रिया न करता त्याला मरू देण्यात आले. हेलन यांनी त्या डॉक्टरांची बाजू घेतली आणि असे निर्णय डॉक्टरांच्या मंडळावर सोपवावेत असे छापील लिहिले. कोणते आयुष्य जगण्यालायक, हे ठरवण्याचा अधिकार आम्हा डॉक्टरांना देण्याची शिफारस हेलन केलर यांनी करावी, यासारखी विसंगती नाही. त्या काळी सुशिक्षितांत सुप्रजननाच्या कल्पनेचे वारे होते, एवढेच स्पष्टीकरण देता येते. तेही पुरेसे नाही.

१९२० च्या सुमारास पैशासाठी दोघींनी करमणुकीच्या रंगमंचावर काही वर्षे कार्यक्रमही केले. १९२४ पासून हेलन अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी काम करू लागल्या. १९२५ मध्ये ओहायोतल्या लायन्स क्लबच्या अधिवेशनात त्यांनी अंधांच्या कामाला वाहून घेण्याचे आवाहन केले. आपल्याकडे गावोगावी लायन्सची नेत्रशिबिरे होतात, त्याचे मूळ तिथे आहे.

त्यानंतर आली महामंदी. दारोदार मदत मागणाऱ्या संस्था स्वतःच रिकाम्या झाल्या. १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यात ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी एक भाग होता. मूळ मसुद्यात अंधांचा स्वतंत्र भाग नव्हता, तो सिनेटमध्ये घातला गेला. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत हेलन यांची संस्था आणि त्या स्वतः होत्या. राज्याने एका अंध व्यक्तीवर महिन्याला ३० डॉलरपर्यंत खर्च केला तर त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलेल, अशी ती तरतूद. पहिल्या वर्षासाठी रक्कम ३० लाख डॉलर.

आकडे लहान आहेत, पण अटी वाचण्यासारख्या आहेत. मदत रोख रकमेत द्यायची, शिधा किंवा कपड्यांत नाही. अर्ज नाकारला तर माणसाला दाद मागता आली पाहिजे. आणि ही मदत सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्याला मिळणार नाही, म्हणजे ती घरी राहणाऱ्यासाठीच आहे. ट्यूक्सबरीचा खाक्या इथे बरोबर उलटा झाला. ॲन सलिव्हन तेव्हा हयात होत्या. त्यांची दृष्टी पुन्हा जवळजवळ गेली होती. कायदा झाल्यानंतर चौदा महिन्यांनी, ऑक्टोबर १९३६ मध्ये, त्या वारल्या.

अंध कोणाला म्हणायचे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९३४ मध्ये व्याख्या केली होती. निरोगी डोळ्याला २०० फुटांवरून दिसते ते चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याला २० फुटांवरूनच दिसत असेल, किंवा नजरेचा परीघ २० अंशांपेक्षा जास्त नसेल, तर कायद्याने अंध. आपल्या मीटरच्या भाषेत हे ६/६०. मदत योजनांमध्ये हीच व्याख्या रूढ झाली. दयेचा विषय अशा रीतीने मोजपट्टीवर आला. मोजपट्टी कोरडी असते, पण तिच्यासमोर कोणाला हात जोडावे लागत नाहीत.

खरी अडचण उत्पन्नाची निघाली. १९३९ च्या दुरुस्तीने राज्यांना अर्जदाराची सगळी मिळकत हिशोबात धरणे बंधनकारक केले. घरी झाडू किंवा वेताच्या खुर्च्या विणून अंध माणसाने दहा डॉलर मिळवले, तर मदत दहा डॉलरने कमी होणार. मग विणायचे कशाला? १९४० मध्ये स्थापन झालेल्या अंधांच्या स्वतःच्या राष्ट्रीय महासंघाने हा मुद्दा लावून धरला. हेलन यांची संस्था अंधांसाठी काम करणारी, ही अंधांची. दोघांत पुष्कळ कुरबुरी झाल्या. १९५० च्या दुरुस्तीने अंधांच्या महिन्याच्या कमाईतले पहिले ५० डॉलर हिशोबाबाहेर ठेवले. आपल्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला एकाच अर्जाला जोडताना जी घालमेल मी रुग्णांच्या चेहऱ्यावर पाहतो, तिची जात हीच आहे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये हेलन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षीला गेल्या. कायद्यातली मदत अपुरी आहे हे त्यांनी सांगितलेच, पण दोन गटांचा वेगळा उल्लेख केला. एक कृष्णवर्णीय अंध, ज्यांना शाळा आणि कामे दोन्ही कमी मिळत होती. दुसरे त्यांच्यासारखे बधिर-अंध. अलाबामाच्या, एके काळी गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातल्या बाईने हे बोलणे सोपे नव्हते. १९१६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला देणगी पाठवली होती, तेव्हाच नातेवाईक दुखावले होते.

त्यांच्यावर एक आक्षेप राहतो आणि तो खोटा नाही. अंधांचा प्रश्न त्यांनी इतर अपंगांपासून वेगळा ठेवला. १९३५ च्या कायद्यात अंध आले, पण हात-पाय लुळे पडलेल्या मोठ्या माणसाला जागा नव्हती. सही करणारे रूझवेल्ट स्वतः पायांनी अधू असूनही! त्या गटाला मदतीसाठी १९५० पर्यंत थांबावे लागले. अंध माणूस पाहताच लोकांना कणव येते आणि हेलन यांच्याइतका प्रसिद्ध चेहरा दुसऱ्या कोणत्याही गटाकडे नव्हता, ही त्यामागची उघड कारणे. त्यांनी हा चेहरा एकाच गटासाठी वापरला.

तरी त्याच बाईंचा एक उद्योग सांगायचा राहिला. म्हातारपणी अंध झालेल्यांच्या बोटांना ब्रेल सहज साधत नाही. त्यांच्यासाठी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित पुस्तके आली. मंदीत ही चैन परवडणार नाही म्हणून हेलन आधी तयार नव्हत्या. मत बदलल्यावर त्यांनी रूझवेल्टना साकडे घातले आणि ती ऐकण्याची यंत्रे सरकारी रोजगार योजनेतून बनू लागली. या पुस्तकांतले एक अक्षरही त्यांना स्वतःला ऐकू येणार नव्हते.

१९५५ मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या आशियाच्या दौऱ्यात भारतात आल्या, नेहरूंना भेटल्या. मुंबईत १९७७ पासून त्यांच्या नावाने बधिर आणि बधिर-अंध मुलांची संस्था चालते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिर-अंधत्वाचा नावाने उल्लेख आहे.

१ जून १९६८ रोजी हेलन केलर वारल्या. चार वर्षांनी अमेरिकन संसदेने वृद्ध, अंध आणि अपंग यांच्या राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या योजना एकत्र करून एकच केंद्रीय योजना केली. जानेवारी १९७४ पासून ती सुरू झाली. अंधांच्या कमाईबाबतच्या काही सवलती तिने वेगळ्या ठेवल्या. तिचे गट तीनच आहेत: वृद्ध, अंध, अपंग. बधिर-अंध असा चौथा गट तिच्यात नाही.